थोरली की धाकली

मावशींना काहीही विचारा, उत्तर 'न्हाई'नंच सुरू व्हायचं. भाताच्या त्या सरकारी केंद्रावर मी पहिल्यांदा गेलो, त्या सकाळचीच गोष्ट. पुण्याहून लोकलनं आलो होतो. पायात नवे बूट, बगलेत नेमणुकीचा कागद, आणि डोक्यात शेतकी कॉलेजातून नुकतंच भरून आणलेलं सगळं शहाणपण. स्टेशनापासून केंद्रापर्यंत चिखल तुडवत गेलो, तर समोरून बांधावरनं एक इरलं चालत येत होतं. इरलं म्हणजे पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं विणलेलं छप्पर. आत वाकलेलं माणूस दिसतच नाही, छप्परच चालल्यासारखं वाटतं. मी त्या छपराला विचारलं, "साहेब कुठं भेटतील?"

"हापिसात न्हाईत," छप्पर म्हणालं.

"बरं. मग?"

"गोदामात न्हाईत. खालच्या खाचरात न्हाईत. घरी जेवाय गेल्यात म्हनावं, तर सायकल हितंच हाय."

"अहो बाई, पण मग आहेत कुठं?"

इरलं जरा वर झालं. आत पन्नाशीची एक काळीसावळी, आडव्या बांध्याची बाई. दातांवर मिश्री, डोळे मात्र एकदम कोवळे. "ऱ्हायलं काय मंग?" तिनं मलाच विचारलं.

मी चहूकडे पाहिलं. रोपांचे वाफे तेवढे राहिले होते. "रोपांकडं?"

"मंग जावा की! इचारता कशाला?" आणि छप्पर निघून गेलं.

मी असा संतापलो म्हणता! सरळ उत्तर द्यायला काय जात होतं हिचं? साहेब रोपांपाशीच होते, हे कबूल करायलाही मला पुढं चार दिवस लागले.

हल्ली पेपरात सुडोकू नावाचं आकड्यांचं कोडं येतं. आमच्या सोसायटीच्या बाकावर निवृत्त मंडळी ते सोडवत बसतात आणि मला शिकवतात. आडव्या ओळीत एक आकडा एकदाच, उभ्या ओळीतही एकदाच. ज्या घरात जे बसत नाही ते आधी खोडायचं. एकच उरलं की तेच लिहायचं. अंदाज मारायचा नाही. मी मुकाट मान डोलावतो. मनात म्हणतो, लेको, हे कोडं तुमच्या पेपरात येण्याच्या कितीतरी आधी मी हे शिकलोय. आणि शिकलोय अशा बाईकडून, की जी पगाराच्या कागदावर अंगठा उठवायची.

मावशी डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवरच्या. रोज तासभर उतरून कामावर यायच्या आणि तेवढंच चढून घरी जायच्या. केंद्रावर लावणी-कापणीला ज्या वीस-पंचवीस बाया असत, त्यांच्या त्या मुकादम. मुकादम म्हणून त्यांची हजेरी घ्यायची तऱ्हाही उलटी. आलेल्यांची नावं कधी घ्यायच्या नाहीत. बांधावर उभं राहून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायचं, "आज कोन न्हाई?" बाया आपसात बघायच्या आणि न आलेल्या दोघी-तिघींची नावं सांगायच्या. झाली हजेरी. मी यादी वाचून हजेरी घेत असे, मला दहा मिनिटं लागत आणि वर एखादी चुकायचीच.

वेळ विचारली तर "पुन्याची लोकल गेली न्हाई अजून" एवढंच. कुणाची काही वस्तू हरवली की मावशींना बोलावणं. त्या शोधायला म्हणून कधी उठल्याच नाहीत. बसल्या जागी विचारायच्या, कुठं कुठं गेलतीस, कुठं गेली न्हाईस, काय करताना वस्तू जवळ व्हती. एकेक जागा बाद करत करत अखेर म्हणायच्या, "मंग चुलीमागं बग." गोदामाची किल्ली, कुणाची जोडवी, साहेबांचा चष्मासुद्धा त्यांनी असा शोधला होता. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मी उगाच विचारलं, "काय मावशी, जावई कसा आहे?" म्हणाल्या, "पीत न्हाई. मारत न्हाई. आईच्या मागं लपत न्हाई." मी म्हटलं, "हे नाही ते झालं. आहे काय?" त्यावर मावशी हसल्या. "भाऊसाहेब, येवढं न्हाई म्हनल्यावर जे ऱ्हातं ना, त्योच जावई."

बाया मागनं त्यांना न्हाईमावशी म्हणायच्या. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही नव्हतं.

आता माझ्याबद्दल. बांधावर उभं राहून बायांना हुकूम सोडायचे, चिखलात पाय घालायचा नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या, असा माझा कारभार. नोकरी प्रोबेशनवर. त्या वर्षी साहेबांनी एक प्रयोग माझ्या अंगावर टाकला. साहेब कमी बोलणारे, किडकिडीत, कायम छत्री काखेत. ते म्हणाले, "हे तीन वर्षांचं काम आहे. यंदाचं शेवटचं वर्ष. नीट बघा." पाच वाण होते. पंचवीस वाफे केलेले, पाच आडवे, पाच उभे. प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच लावायचा. म्हणजे कुठं जमीन चांगली असली, कुठं पाणी जास्त लागलं, तरी सगळ्यांना सारखा वाटा मिळतो आणि कुठला वाण खरोखर चांगला ते कळतं.

जेवणाच्या सुट्टीत मी बायांना हे समजावून सांगायला बसलो. काडीनं जमिनीवर चौकोन काढले, इंग्रजी नाव सांगितलं, शहाणपण भरपूर पाजळलं. बाया भाकरी मोडत ऐकत होत्या. मावशी म्हणाल्या, "म्हंजी आमच्या घरासारखंच."

"तुमच्या घरासारखं?"

"आमी पाच जावा. कामं पाच. पानी, दळान, सरपान, गुरं आन् चूल. येका दिशी येक काम दोघींनी करायचं न्हाई. आन् पाच दिसांत येकीला येक काम दोनदा यायचं न्हाई. काय हो, ह्येच ना?"

मी त्या चौकोनांकडं बघत राहिलो. अगदी हेच होतं. "हेच," मी म्हटलं. "ह्याला लॅटिन स्क्वेअर म्हणतात."

"आमी त्याला सासू म्हनतो," मावशी म्हणाल्या.

बाया भाकरी बाजूला ठेवून हसल्या. मलाही हसू आवरेना. मग मावशींनी सांगितलं, की सासू होती तोवर ह्या पाळ्या तिच्या तोंडात होत्या. ती गेली आणि जावाजावांत भांडणं लागली. तू परवा दळलं नाहीस, मी दोनदा पाणी आणलं. घर फुटायची वेळ आली. तेव्हा मावशींनी ओट्यावर चिंचोके मांडून कुणी कुठल्या दिवशी काय केलं नाही ते एकेक करत काढलं आणि शेवटी कुणाची पाळी चुकली ते उघडं पाडलं. "कुणाची होती?" मी विचारलं. "माजीच," त्या म्हणाल्या. "दोन दिस दळत बसले मंग."

पाची वाणांना सरकारी नंबर होते, लांबलचक. बायांनी आपली नावं पाडली होती. एकाचं बूड जांभळट, ती काळबुडी. एकीचं पान चुरगळलं तरी सुवास यायचा, ती वासाची. लवकर पिकणारी ती हळवी. आणि उरलेल्या दोघी एकाच संकरातून निघालेल्या, दिसायला हुबेहूब, त्या थोरली आणि धाकली. लोंबी बाहेर पडेपर्यंत त्या दोघींना त्यांच्या आईनंही ओळखलं नसतं. धाकली मात्र थोरलीपेक्षा आठ-दहा दिवस आधी निसवायची, म्हणजे लोंबी बाहेर टाकायची, एवढा एक फरक.

लावणीच्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. मी वहीतला नकाशा बघून रोपांच्या मुठी पुढं करत होतो, बाया खाली मान घालून लावत होत्या. प्रत्येक वाफ्याला लाकडी पाटी ठोकली, तिच्यावर वाणाचं नाव लिहिलं. कशानं लिहिलं? कॉपिंग पेन्सिलीनं! ओली केली की जांभळी उमटते, ठसठशीत दिसते, खोडता येत नाही. मला फार आवडायची. वहीतला नकाशाही मी तिनंच काढलेला. शेवटच्या चार पाट्यांच्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणून स्टोअरकीपरची साधी पेन्सिल नाइलाजानं घेतली. नकाशाची एक प्रत आठ दिवसांत कार्यालयात द्यायची असा नियम होता. पण मला ती सुवाच्य अक्षरात, रंगीत रेघा मारून द्यायची होती. आज करू, उद्या करू म्हणत ती राहूनच गेली.

ऑगस्ट अर्धा सरला होता. साहेब मीटिंगला पुण्याला गेले होते, शनिवारी परतणार होते आणि सोमवारी पुण्याचे मोठे साहेब प्रयोग बघायला येणार होते. गुरुवारी सकाळी बांधावरनं माझा पाय घसरला आणि मी वहीसकट पाण्याच्या पाटात आडवा झालो. बाया खुदखुदल्या. मी उठलो, वही उघडली आणि पाचावर धारण बसली. नकाशाचं पान जांभळं झालं होतं. अक्षर नाही, रेघ नाही, नुसता जांभळा चिखल. म्हटलं हरकत नाही, पाट्या आहेत. पाट्यांकडं धावलो. महिनाभर मावळातला पाऊस खाऊन पाट्याही जांभळ्या झाल्या होत्या. वाचता येत होत्या फक्त चार. त्या साध्या पेन्सिलीच्या.

तीन वर्षांचं काम, माझी नोकरी, सगळं त्या जांभळ्यात विरघळलं होतं. घरी काय तोंड दाखवू, असं झालं. वडिलांनी सगळ्या आळीत सांगितलं होतं, पोरगा सरकारी शेतकी अधिकारी झाला म्हणून. मी गोदामाच्या ओट्यावर जाऊन बसलो, नवा कागद घेतला आणि पंचवीस घरं आखून नावं भरायला लागलो. आठवेल तसं, आणि खरं सांगायचं तर, आठवत नव्हतं तिथं सुचेल तसं. ओळीत दोनदा येऊ द्यायचं नाही एवढी काळजी घेतली, म्हणजे कुणाला संशय नको. भरत आणलं होतं, एवढ्यात पाठीमागनं आवाज आला.

"शेताकडं न बगता काय लिवताय, भाऊसाहेब?"

वाचता येत नसलेल्या बाईनं माझी चोरी पकडली, ती अशी. मी कागद पालथा घातला. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र लपवता आलं नाही. मग सगळं सांगून टाकलं.

मावशींनी ऐकून घेतलं. तो कागद मागितला नाही, फाडला नाही. एवढंच म्हणाल्या, "ह्यो खिशात ठेव." घाबरलेल्या माणसाशी त्या नकळत अरेतुरेवर यायच्या. "आन् ऊठ. आधी काय ठावं हाय ते बगू."

काळबुडी डोळ्यांना दिसत होती. पाच वाफे कळले. वासाचीसाठी मावशींनी मला प्रत्येक वाफ्यात उतरवलं. बूट काढून. पान चुरगळायचं आणि हुंगायचं. अर्ध्या तासात मला सगळीकडं वास यायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नाक धू, आन् परत ये." शेवटी वासाचीचेही पाच वाफे पक्के झाले. वाचता येणाऱ्या चार पाट्या नेमक्या बाकीच्या तिघींतल्या, त्यांची चार नावं. पंचविसातले चौदा झाले. उरले अकरा.

मग ओट्यावर त्यांनी कोळशानं पंचवीस घरं आखून घेतली. काळबुडीला चिंचोका, वासाचीला हिरवं पान, हळवीला काडी, थोरलीला मोठा खडा, धाकलीला छोटा खडा. कळलेल्या घरांत एकेक वस्तू ठेवली. मी उरलेल्या घरांत काय ठेवायचं ते विचारत होतो, तर म्हणाल्या, "पाची ठेव."

"पाचही? एका घरात?"

"ठावं न्हाई म्हंजी पाचातलं कुनी बी असंल ना? मंग पाची. आता जे न्हाई ते उचलत जायचं. घालायचं काय बी न्हाई, नुस्तं उचलायचं."

आम्ही उचलायला लागलो. ज्या आडव्या ओळीत चिंचोका बसलाय, त्या ओळीतल्या बाकी घरांतले चिंचोके उचल. ज्या उभ्या ओळीत पान आहे, तिथली पानं उचल. भराभर घरं हलकी झाली. तिसऱ्या ओळीत दोन घरं उरली, दोन्हींत एक मोठा खडा, एक छोटा. मी म्हटलं, "इथं अडलं." मावशींनी बोट खाली नेलं. "ह्या उब्या वळीत खाली थोरली बसलीया. तुज्या पाटीवर लिवलंय. मंग ती हितं बसंल का?"

"नाही."

"मंग उचल."

मी मोठा खडा उचलला. छोटा उरला. म्हणजे तो वाफा धाकलीचा, आणि धाकली ह्या ओळीत बसली म्हटल्यावर शेजारचा आपोआप थोरलीचा. आता त्या उभ्या ओळीत चार घरं भरली, पाचव्यात फक्त हळवी राहिली, ती कुणी सांगावी लागली नाही. एक कळलं की त्याच्यामुळं दुसरं, दुसऱ्यामुळं तिसरं. माझी भीतीच गेली. मी ओट्यावर गुडघे टेकून खेळायला लागलो. मध्येच हावरेपणानं एका घरातली काडी उचलली, तर मावशींनी मनगट धरलं. "का उचललीस?" मला कारण सांगता येईना. वाटलं, एवढंच. "वाटलं म्हनून उचलायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि काडी परत ठेवायला लावली. नंतर कळलं, तिथं हळवीच होती.

दुपारपर्यंत एकवीस घरं पक्की झाली. चार राहिली. वरच्या दोन ओळींतली डावीकडची दोन-दोन, म्हणजे एक छोटा चौकोनच. चारही घरांत एक मोठा खडा आणि एक छोटा. थोरली ह्या कोपऱ्यात धरली तर धाकली त्या कोपऱ्यात, सगळं नीट बसायचं. उलट धरलं तरी तितकंच नीट बसायचं. आडवं बघितलं, उभं बघितलं, काहीच उचलता येईना.

मी म्हटलं, "मावशी, आता नाणं उडवू. दोन्ही बरोबर दिसतंय."

"न्हाई."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"धाकलीला कळंल."

मला राग आला. चारच वाफे! पंचवीसपैकी चार! मी आवाज चढवून म्हटलं, "मावशी, माझी नोकरी जाईल. तुम्हाला काय होतंय?"

त्यांनी हातातला खडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या वाडीला तीन सालांमागं येका गावच्या यापाऱ्यानं हळवं म्हनून बी दिलं. निघालं गरवं, उशिरा पिकनारं. वरच्या खाचरात दसऱ्यानंतर पानी ऱ्हात न्हाई, भाऊसाहेब. भात पोचट गेलं. लोंब्या हुब्या, आत काय न्हाई. त्या साली आमी कंद खाल्ले, आन् माज्या थोरल्या जावंचा तान्हा नातू गेला. यापारी बी म्हनला, मला वाटलं हळवंच असंल." त्यांनी चौकोनातल्या खड्यांकडं बोट दाखवलं. "त्यालाबी वाटलंच व्हतं."

मी ती चार घरं कोरी ठेवली.

शनिवारी साहेब आले. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कॉपिंग पेन्सिल? मावळात?" मी मान खाली घातली. मग त्यांनी बोट कोऱ्या घरांवर ठेवलं. "ही चार का रिकामी?"

"माहीत नाही, साहेब. थोरली-धाकलीच्या जागा ठरत नाहीत. लोंबी आल्यावर कळेल."

"अंदाजानं भरता आली असती. सोमवारी मोठे साहेब येताहेत."

"हो."

"का नाही भरलीत?"

"मावशींनी भरू दिली नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मी इथं आलो त्या वर्षी मलाही दोन वाफे भरू दिले नव्हते त्यांनी." एवढं बोलून त्यांनी कागद खणात ठेवला. "तुमच्या प्रोबेशनचा कागदही इथंच राहील. चार घरं भरली की बघू." सोमवारी मोठ्या साहेबांनी त्या कोऱ्या चौकोनाबद्दल विचारलं, तेव्हा आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "ते अजून ठरायचंय." मोठे साहेब 'हं' म्हणाले आणि पुढच्या वाफ्याकडं गेले. ज्याच्या भीतीनं मी खोटं लिहायला बसलो होतो, ते एवढंसं होतं.

त्यानंतरचा महिना मी त्या चार वाफ्यांभोवती घिरट्या घालण्यात काढला. बूट कोपऱ्यात पडले ते पडले. अनवाणी चिखलात उतरून पोटऱ्यांवर आलेलं, लोंबी अजून पोटातच असलेलं भात बोटांनी चाचपायचो. मावशी लांबून म्हणायच्या, "अवो, पोटुशीला इतकं बगू नये." आणि एके दिवशी सकाळी त्याच मला हाक मारत आल्या, मावशींना पळताना मी तेवढंच एकदा पाहिलं. "भाऊसाहेब, आलं! आलं!"

वरच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात लोंब्या नव्हत्या, त्याच्या शेजारच्यात होत्या. खालच्या ओळीत डावीकडच्यात होत्या, त्याच्या शेजारच्यात नव्हत्या. धाकली कुठं आणि थोरली कुठं, उघडंच झालं. मी पेन्सिल काढली, साधी, आणि चार नावं लिहिली. मग एकदम आठवलं. पाकिटातून तो पहिला कागद काढला, ओट्यावर बसून सुचेल तसा भरलेला. बाकी वाफ्यांत मी धडाधड चुकलो होतो. पण ह्या चारांत? चारही बरोबर!

"मावशी!" मी ओरडलोच. "बघा, मी तेव्हाच बरोबर लिहिलं होतं! उगाच महिनाभर जीव टांगणीला लावलात."

"तवा तुमाला ठावं व्हतं?"

"नाही, पण बरोबर निघालं ना?"

"निगालं की. पन त्या दिशी ते खोटंच व्हतं, भाऊसाहेब. आज खरं झालं."

मी तो कागद तिथंच फाडून पाटात सोडला. पन्नासएक वर्षं झाली असतील ह्या गोष्टीला, पण पुढं नोकरीत जिथं जिथं खोटं सहज खपलं असतं तिथं तिथं माझा हात अडला, तो त्या वाक्यानं. मी मोठा साधू झालो असं नाही. पण माझ्या अक्षरातला एकही आकडा मला झोपेतून उठवत नाही, आणि ही मावशींची देणगी आहे. गुरू म्हणून मी ज्यांच्या पाया पडलो त्यांत डिग्र्यावाले बरेच होते. पहिला नमस्कार मात्र तिकडं, डोंगराकडं.

मी कायम झालो. पाचांत धाकली सरस ठरली. साहेबांनी ठरवलं, पुढल्या वर्षी तिचं थोडं थोडं बी डोंगरावरच्या चार-सहा वाड्यांना चाचणीला द्यायचं. मावशींच्या वाडीचं बी घेऊन जायला मी मुद्दाम मागून घेतलं. जूनच्या सुरुवातीला खांद्यावर पोतं टाकून चढलो. मावशींच्या घरच्यांनी घराशेजारी राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून, रोपांची जागा तयार ठेवली होती. राखेच्या कडेनं सगळी वाडी जमलेली. पाची जावा होत्या. सगळ्यांत थोरली जाऊ जरा बाजूला, ओट्याला टेकून बसली होती, नुसती पोत्याकडं बघत होती.

मावशींनी पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर बी हातावर घेतलं. दाणा उलटापालटा करून पाहिला, दातानं फोडला, हुंगला. बियाण्यावरनं थोरली-धाकली ओळखायला येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी पोत्याशेजारीच उभा. आता ह्या विचारणार, कुठल्या वाफ्यातलं, कुणी झोडलं, कुठं ठेवलं होतं, शेजारी कुठलं पोतं होतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. कापणीपासून ते पोतं मी कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

मावशींनी मान वर केली आणि सगळ्या वाडीदेखत मला एवढंच विचारलं, "धाकलीच हाय ना?"

"होय, मावशी," मी म्हटलं. "धाकलीच."

"व्हय," त्या म्हणाल्या. पुढं काही विचारलं नाही. मूठ तशीच उचलून त्यांनी थोरल्या जावेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पेर गं."